सिमेंट मिसळलेली माती पुन्हा उकरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या हद्दवाढ भागातील आमच्या वसाहतीखालची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते आणि पावसाळ्यात फुगून चप्पल ओढून घेते. यंदा एप्रिलमध्ये रस्त्याच्या मातीत सिमेंट मिसळून, पाणी मारून, रोलर फिरवून थर पक्का केला गेला, तेव्हा आम्हा रहिवाशांना मनापासून समाधान वाटले. पाचव्याच दिवशी नळजोडणीसाठी त्या थरात आडवे चर खोदले गेले आणि निघालेली माती तशीच आत लोटून पायांनी दाबण्यात आली.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मी तेथे पहार मारून पाहिली. न खोदलेल्या भागावर ती खणकन वाजली. चरात मात्र वीतभर आत रुतली आणि वर आलेली ढेकळे बोटांत चुरडली.

सिमेंटचा पाण्याशी संयोग होताना जो पदार्थ तयार होतो, तो मातीचे कण एकमेकांशी बांधतो. मिसळल्यावर थोड्याच वेळात माती हलली, तर बरेचसे सिमेंट अजून शिल्लक असल्याने हे बंध पुन्हा जुळतात. पण जसजसे दिवस जातात, तसतसे सिमेंट खर्ची पडते आणि तुटलेला बंध सांधायला फारसे काही उरत नाही. शिवाय कडक झालेली ढेकळे नीट दबत नाहीत, त्यांच्यामधल्या पोकळ्यांत पाणी शिरते आणि काळी माती पुन्हा आपला गुण दाखवते. रस्तेकामाच्या मानकांत दबाई मिसळल्यापासून दोन तासांत संपवावी व त्यानंतर किमान सात दिवस थर ओलसर ठेवावा, असे सांगितले आहे ते याचसाठी. आमच्याकडे तर त्या सात दिवसांतच खोदाई झाली.

‘रोलर पुन्हा फिरवला की झाले,’ असे कामावरच्या एका गृहस्थांनी मला सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ही समजूत चुकीची आहे. रोलरने माती दबते, तुटलेले बंध जुळत नाहीत.

नळ, ड्रेनेज आणि केबलची खोदाई सिमेंट मिसळण्याआधीच उरकावी, आणि पुढे लागणाऱ्या जोडण्यांसाठी रस्त्याखालून रिकामे पाइप टाकून ठेवावेत. नंतर खोदणे अगदीच टळत नसेल, तर चरातील ढेकळे फोडून, नवे सिमेंट मिसळून, पातळ थरांत दबाई करावी व पुन्हा सात दिवस पाणी मारावे. बिल मंजूर करण्यापूर्वी मजबुतीची तपासणी चरावरही व्हावी, केवळ चांगल्या भागावर नव्हे.

आमच्या वसाहतीतील आणखी दोन रस्त्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे. तेथे तरी आधी चर आणि मग सिमेंट हा क्रम पाळावा, अशी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य पर्यवेक्षक, सोलापूर