नाव माझ्याच नावावर

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं नाव कुठे घालायचं नाही असं तू बजावलंयस, म्हणून नुसतं बाय. माझ्या कोकमाची वेबसाइट उभी करून दिलीस, पण पैसे घेतले नाहीस, साडी परत केलीस, आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, दोन बाटल्या नेल्यास तर त्यांचेही पैसे टेबलावर ठेवून गेलीस. मग आता आभार तरी चारचौघांत मानू दे.

गेल्या वर्षी गणपतीत आलीस तेव्हा तू सहज विचारलंस, "काकू, तुमची वेबसाइट होती ना?" होती! एकाने पैसे घेऊन आठ दिवसांत उभी करून दिली होती. तिच्यावर आमच्या रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, जागी कुठल्याशा परदेशी प्लमचा फोटो, आणि मजकुरात आमचा 'अत्याधुनिक कारखाना'. आम्ही तिघी बायका, खळ्यात ताडपत्री घालून सोलं, म्हणजे रातांब्यांच्या साली, वाळवणाऱ्या. वर्ष सरलं आणि साइट बंद पडली, त्याचा फोन लागेना. तू शोध घेतलास तेव्हा कळलं की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं, ईमेलही त्याचाच. म्हणजे दुकानावर पाटी आमची आणि सातबारा दुसऱ्याचा.

मला वाटलं आता तू लॅपटॉप उघडशील. तू दोनशे पानी वही मागितलीस. पाच दिवस, आरत्या आणि मोदक सांभाळून, तू विचारायचीस आणि मी लिहायचे. काय विकता? मी म्हटलं, कोकम. "कुठलं कोकम?" तेव्हा कुठे मला उमगलं की आपण घरात सोलं, आगळ, सरबत असं वेगवेगळं बोलतो आणि गिऱ्हाइकाला मात्र सगळं मिळून 'कोकम' सांगतो. नागपूरच्या एका ताईंनी आगळात साखर-पाणी घालून सरबत केलं होतं आणि "खारट लागतंय" म्हणून मला फोनवर झापलं होतं. चूक त्यांची कशी? आगळ मिठातलंच असतं, हे बाटलीवर कुठे होतं? आता पहिल्याच पानावर आहे: 'आगळ खारट असतं, सोलकढीसाठी. सरबत हवं असेल तर शेजारची बाटली घ्या.' मी 'उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर' लिहिलं होतं, त्यावर तू काट मारलीस. "हे सगळेच लिहितात, काकू. सोलं रसात किती वेळा बुडवून वाळवता ते लिहा." लिहिलं. फोनवर लोक आता तेवढंच विचारतात.

फोटोंसाठी तू माझ्याच फोनवर भागवलंस. फ्लॅश बंद, सकाळचा उजेड, खिडकीत पांढरं धोतर पसरलेलं, आणि आगळ बाटलीत न ठेवता काचेच्या पेल्यात, उजेडासमोर धरलेलं. फ्लॅशमध्ये काळंभोर दिसणारं आगळ तसं धरल्यावर माणकासारखं दिसलं. मग ते फोटो तू बारीक केलेस, चार एमबीचे दोनशे केबीवर आणलेस. पावसात आपल्याकडे रेंज असते तेवढ्यात उघडले पाहिजेत, म्हणालीस.

कागदपत्रांचा भाग मला कंटाळवाणा, तुला नाही. अन्नपरवान्याचा 14 अंकी नंबर, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत हे सगळं बाटलीवर तसं साइटवरही. पेमेंट गेटवेवाल्यांना, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन देणाऱ्यांना, परताव्याचं, माल पोचवण्याचं, गोपनीयतेचं अशी पानं लागतात. मी दुसऱ्या कुणाचं परताव्याचं पान उतरवून घेणार होते. तू म्हणालीस, "बाटली वाटेत फुटली तर तुम्ही काय करता?" मी म्हटलं, फोटो मागवते आणि नवी पाठवते. "मग तेच लिहा." दोन ओळींत पान संपलं.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख, मिळालं, म्हणून तो शिक्का मी ऐटीत मध्यभागी लावणार होते. तो लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतःची नोंद लागते, हे तू सांगितलंस. शिक्का काढला, अर्ज भरला. गोव्याचं दुखणं त्याहून मोठं. पुण्यापेक्षा पणजी आपल्याला कितीतरी जवळ, पण सीमेवरच्या बांद्याच्या पलीकडे राज्य दुसरं. परराज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटीची नोंदणी हवी. म्हणून सध्या 'फक्त महाराष्ट्रात पोचवतो' अशी ओळ आहे. म्हापशाच्या आमच्या नणंदबाई त्यावरून अजून बोलून दाखवतात.

एका बाबतीत मी तुझ्यावर रुसलेली आहे, तेही लिहूनच टाकते. मला देवनागरीतलं, .भारतचं नाव हवं होतं. ते 2014 पासून मिळतं, तूच सांगितलंस, आणि तूच नको म्हणालीस. फोनवर पत्ता टाइप करताना लोक अडतील, आधी डॉट इन घ्या. पटलं, पण आवडलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. डोमेन घ्यायच्या वेळी तू लॅपटॉप माझ्याकडे सरकवलास. ईमेल माझा नवा उघडून घेतलास, कार्ड माझं, ओटीपी माझ्या फोनवर. मी म्हटलं, तूच कर गो, माझी बोटं चुकतात. तू ऐकलं नाहीस. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमलं. आणि पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तू उठून पडवीत गेलीस आणि पाठ फिरवून माडांकडे बघत उभी राहिलीस. "झालं का?" विचारूनच परत आलीस. मुदत कधी संपते ती तारीख मला कालनिर्णयावर लाल पेनाने लिहायला लावलीस.

परवा नूतनीकरणाचा मेल आला. लाल तारखेच्या अकरा दिवस आधी पैसे भरले, कुणाला न विचारता. पावती तुला पाठवली आहे, बघ.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
शेजारची काकू

ता. क. सरबताच्या पानावर 'साखर'ऐवजी 'साकर' पडलं होतं. तुला कळवणार होते, मग मीच आत जाऊन दुरुस्त केलं.