साथरोगशास्त्र बारावीनंतर शिकता यावे

संपादक महोदय,

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात माझी हयात गेली. गावात जुलाबाची साथ आली की आम्ही घर न् घर पालथे घालायचो : कोण आजारी, कधीपासून, पाणी कुठले पितो. नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासणाऱ्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाकायचे; पिवळी छटा आली नाही, की टीसीएल (पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग पावडर) पडलेले नाही हे तिथेच कळायचे. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा माग ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत असाच घरोघरी चौकशी करून काढला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हाही घरोघर फिरावेच लागले.

हे काम आम्ही वरिष्ठांच्या हाताखाली शिकलो, पण त्यामागचे शास्त्र, म्हणजे साथरोगशास्त्र, कोणी शिकवले नाही. ते सांगते : आजारी नसलेल्या शेजाऱ्यालाही तेच प्रश्न विचारावे लागतात, तरच संशय खरा की योगायोग हे ठरते!

माझ्या नातीला हेच शिकायचे आहे, डॉक्टर व्हायचे नाही. आपल्याकडे मात्र हा विषय मुख्यतः एमबीबीएसच्या पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र) या विषयात, नाहीतर पदवीनंतर एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला) भेटतो. शासनाने सार्वजनिक आरोग्याची पदवी सरकारी महाविद्यालयांत सुरू करावी, त्यातले एक सत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात सक्तीचे ठेवावे आणि मुख्य म्हणजे सेवाप्रवेश नियमांत या पदवीला जागा द्यावी. पदच नसेल तर कुठले आईबाप मुलांना तिकडे पाठवतील?

– एक निवृत्त आरोग्य सहायक, भोर (जि. पुणे)