उरलेले स्क्रू ग्राहकाचेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरात सुटे भाग निवडून संगणक जुळवून देणारी दुकाने बरीच आहेत आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील झेरॉक्सवाले, शिकवणीवर्ग व लहान संस्थाही बहुधा अशाच दुकानांतून संगणक घेतात. तयार यंत्र ग्राहकाच्या हाती पडते, पण कॅबिनेट, मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारी मुख्य पाटी) आणि कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) यांच्या खोक्यांतून आलेली स्क्रूंची पाकिटे, जादा पितळी स्टँडऑफ (मदरबोर्डला कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर धरणारे छोटे आधार), कूलर बोर्डला जोडणारे ब्रॅकेट आणि मागची पट्टी हे सारे दुकानातच राहते. ग्राहकही ते मागत नाही. मशीन सुरू झाले म्हणजे त्याच्या दृष्टीने व्यवहार संपलेला असतो. पुढे काही वर्षांनी एखादा भाग बदलायची वेळ आली की क्षुल्लक किमतीच्या त्याच तुकड्यावाचून काम अडते आणि तो इथल्या बाजारात सहसा सुटा मिळत नाही. या पाकिटांची किंमत ग्राहकाने मूळ खरेदीतच मोजलेली असते. तेव्हा ती मागण्यात संकोच कसला, आणि देण्यात दुकानदाराचे जाते काय?

सर्वाधिक अडवणूक होते ती प्रोसेसरवरच्या कूलरची. इंटेलच्या साध्या कूलरला चार पाय असतात. प्रत्येक पायात पांढऱ्या प्लॅस्टिकची दुभंगलेली खुंटी असते आणि तिच्या मधोमध काळी पिन दाबली की खुंटीची दोन टोके मदरबोर्डच्या मागे फाकून अडकतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि धूळ काढण्यासाठी कूलर उतरवला की एखादी खुंटी हमखास तुटते. उभ्या कॅबिनेटमध्ये मग कूलर एका बाजूने सुटतो, प्रोसेसर तापतो आणि संगणक आपोआप बंद पडू लागतो. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान ऐकून नवीन यंत्र घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. वास्तविक या खुंट्यांचा चारचा संच ऑनलाइन वेगळा मिळतो. फक्त सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक, कोणते ते आधी ठाऊक हवे. इंटेलच्या ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांसाठी बोर्डवरील कूलरच्या छिद्रांमधील अंतर ७५ मिलिमीटर आहे. त्यांच्या आधीच्या ७७५ मध्ये ते ७२ होते आणि नंतरच्या १७०० मध्ये ७८ झाले. एएमडीच्या एएम४ चे माप ५४ गुणिले ९० मिलिमीटर, तर त्याआधीच्या एएम३ चे ४८ गुणिले ९६. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण ब्रॅकेट मात्र बसत नाही. ‘सर्व सॉकेटना चालेल’ एवढेच लिहून माप न देणाऱ्या विक्रेत्याकडून म्हणूनच काही घेऊ नये.

स्क्रूंच्या बाबतीत घोळ आट्यांचा असतो. माझी सारी नोकरी कर्मशाळेत मुलांना आटे पाडायला शिकवण्यात गेली, त्यामुळे या बाबतीत जरा हट्टाने लिहितो. संगणकात दोन जातींचे स्क्रू शेजारी शेजारी नांदतात. एक मेट्रिक एम३, म्हणजे व्यास ३ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर अर्धा मिलिमीटर. दुसरा अमेरिकी मापाचा ६-३२, म्हणजे व्यास सुमारे साडेतीन मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे. साडेतीन इंची हार्डडिस्कला आणि पॉवर सप्लायला ६-३२ लागतो. अडीच इंची एसएसडीला (हार्डडिस्कऐवजी वापरल्या जाणाऱ्या चिपवरच्या साठवणीला) एम३. बारीक स्क्रू मोठ्या भोकात नुसता फिरत राहतो, आणि जाड स्क्रू बारीक भोकात पान्याच्या जोरावर घुसवला तर आटे कायमचे जातात. मदरबोर्डवर आडवी बसणारी एम.२ एसएसडी ज्या चिमुकल्या स्क्रूने धरली जाते तो बहुधा एम२ मापाचा, म्हणजे २ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि हरवण्यात त्याचा क्रमांक पहिला. पितळी स्टँडऑफ तर मोजूनच लावावेत. मदरबोर्डला जिथे छिद्र नाही तिथे एखादा जादा राहिला, तर तो मागच्या डाखाच्या टोकांना टेकून बोर्ड शॉर्ट करू शकतो.

आपल्या उद्यमबागेत लेथवर काय होत नाही! शहराची फाउंड्री आणि यंत्रभागांची ख्याती आपण अभिमानाने सांगतो. एम३ चा स्टँडऑफ किंवा साधा ब्रॅकेट नमुना दाखवून करून घेणे इथे मुळीच अवघड नाही. ६-३२ साठी मात्र त्या मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) त्यांच्याकडे आहे का, हे आधी विचारावे. दुकानात जा किंवा कारखान्यात, तुटलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्यावा; तोंडी वर्णनावर मिळालेला भाग सहसा परत करावा लागतो.

इथे नाही मिळाले तर कोल्हापूर, हुबळी किंवा ऑनलाइन. वस्तू किरकोळ म्हणून पावती न घेण्याची आपली सवय इथे नडते. बिलावरील पंधरा अंकाक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, कर्नाटकाचे २९ आणि महाराष्ट्राचे २७, आणि तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. पावतीचा दुसराही उपयोग आहे. नॉक्टुआसारखी कूलर कंपनी खरेदीचा पुरावा दाखवल्यास नव्या सॉकेटसाठीचा जोडसंच विनामूल्य देते. ऑनलाइन विक्रेता ‘संकेतस्थळावरून नको, थेट यूपीआयवर पैसे पाठवा, स्वस्तात देतो’ म्हणाला, तर तो व्यवहार तिथेच सोडावा. परताव्याचे पैसे जमा करण्यासाठी पिन मागितला, तर ती उघड फसवणूक समजावी, कारण पैसे स्वीकारायला पिन लागतच नाही. अशी फसवणूक झाल्यास सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

चुकीचा किंवा सदोष माल आला, तर ई-कॉमर्सविषयक २०२० च्या नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विक्रेता पुण्याचा असो की दिल्लीचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे निपाणीच्या माणसाने कोल्हापूरहून घेतलेल्या मालासाठी बेळगावात तक्रार करायला कोणतीही आडकाठी नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही, परंतु स्वयंरोजगारातून पोट भरणारा झेरॉक्सवाला ग्राहकच ठरतो.

शहरातील दुकानदारांना माझी विनंती एवढीच आहे, की संगणक देताना उरलेले सर्व जोडभाग एका पिशवीत घालून, त्यावर सॉकेटचे नाव लिहून ती बिलासोबत ग्राहकाला द्यावी. आणि ज्यांच्या माळ्यावर अशी बेवारस पाकिटे पडून आहेत, त्यांनी ती भंगारात न घालता मापवार लावून सुटी विकायला ठेवावीत.

आपला,
एक निवृत्त कर्मशाळा निदेशक, टिळकवाडी, बेळगाव