घाटातला रस्ता उतार बघून ठरवलाय

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेले व्हिडिओ सगळे पाहिले. तुम्ही इथे कोलोरॅडोला आलात की डेन्व्हरहून आय-70 महामार्गाने पश्चिमेला जायचं, मॉन्ट्रोजवरून यू. एस. 550 हा रस्ता धरायचा आणि त्याच्याच मिलियन डॉलर हायवे नावाच्या घाटातल्या तुकड्याने सिल्व्हरटनला उतरायचं, हा तुमचा बेत मलाही मोह पाडणारा होता. पण ट्रेलर मागे असताना त्या रस्त्याने मी तुम्हाला नेणार नाही. का, ते फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा लिहिते, म्हणजे नकाशा समोर ठेवून शांतपणे वाचता येईल.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. दोन पलंग, गॅसची शेगडी, छोटं न्हाणीघर, सगळं आत आहे. सामानासकट वजन दोन टनांच्या थोडं वर जाईल आणि आमची पिकअप धरून लांबी भरेल बारा मीटर. आईला वाटतंय की प्रवासात ती आतल्या पलंगावर पाठ टेकू शकेल. तसं करता येणार नाही, आई. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला इथे कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी बसू दिलं नसतं. तू पुढे गाडीतच बसायचंस. दर दीड-दोन तासांनी थांबू, तेव्हा मागे जाऊन खुशाल आडवी हो.

आता रस्ता. चढाची मला फारशी काळजी नाही. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्क्यांनी घटते. आमच्या पिकअपला टर्बो आहे, ती तेवढी दमणार नाही, आणि दमली तरी उजव्या लेनने हळू जाऊ. खरा घोर उताराचा. दोन टनांचं धूड मागून ढकलत असताना ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर लागत नाहीत. हे मी तुम्हाला काय सांगणार! कुंभार्ली घाटात एस.टी. घेऊन तुमची अर्धी नोकरी गेली. न्यूट्रलला गाडी सोडणाऱ्यांवर तुम्ही किती चिडायचात ते मला आठवतं. ज्या गिअरला घाट चढलो त्याच गिअरला उतरायचं, हा तुमचा नियम इथे जसाच्या तसा लागू आहे. पिकअपला त्यासाठी वेगळं बटण आहे, ते दाबलं की गिअर खालचाच राहतो आणि इंजिनच गाडी आवरून धरतं. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक आहेत, त्यांचा जोर माझ्या हाताशी असलेल्या डबीवरून कमी-जास्त करता येतो.

आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 3,400 मीटर उंचीवर आहे. तो ओलांडला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक तीव्र उतार लागतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवलेत, त्यावरून काय ते समजा. तिथून पुढे व्हेल पासचा घाट (पास म्हणजे खिंड), आणि सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर अख्खं डेन्व्हर लोटतं. तरी तो निदान चौपदरी आहे. युरे ते सिल्व्हरटन हा 550 चा तुकडा मात्र दोनच लेनचा, रेड माउंटन पास 3,358 मीटर, आणि बऱ्याच ठिकाणी कडेला कठडाच नाही, कारण हिवाळ्यात बर्फ ढकलायला दरीची बाजू मोकळी लागते. इथे गाडी उजवीकडून चालवतात, म्हणजे दक्षिणेला जाताना दरी नेमकी आपल्याच बाजूला. छोट्या गाडीने लोक रोज जातात. ट्रेलर घेऊन जाणारेही आहेत. पण वळणावर मागचा ट्रेलर आत ओढला जातो, समोरून ट्रक आला तर बाजूला घ्यायला जागा नाही, आणि तुम्ही दोघं गाडीत.

म्हणून यू. एस. 285 ने निघायचं. पहिल्या दिवशी केनोशा पास, 3,050 मीटर. तो ओलांडला की साउथ पार्कचं पठार पसरतं, चहूकडे डोंगर आणि मधे नुसतं गवत. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात केनोशावर ॲस्पेनची झाडं पिवळीधमक होतात, आई, तिथे तुला उतरायचंच आहे. मुक्काम सालाइडाला. दुसऱ्या दिवशी पोंचा पास, तो बराच सौम्य आहे, आणि मग सॅन लुइस खोऱ्यातून सरळसोट रस्त्याने अलामोसा. अलामोसाला दोन रात्री राहू, कारण ट्रेलर तिथेच उभा ठेवून वाळूच्या टेकड्या बघायला जायचंय. हिमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी सव्वादोनशे मीटर उंचीपर्यंतची वाळू! समुद्र नाही, खोऱ्यातली वाळू वारा आणून डोंगराशी टाकतो.

मुक्कामाची गावं मी उंची बघून निवडलीत. डेन्व्हरच मुळात कळसूबाईच्या शिखराएवढं उंच आहे, त्यामुळे आल्यावर आठवडाभर घरीच आराम. पुढच्या सगळ्या रात्री 2,300 मीटरच्या खाली किंवा आसपास. पास दिवसा ओलांडायचे, वर झोपायचं नाही. बाबा, तुमचं बी.पी. बघता डॉक्टरांना हे आकडे दाखवा आणि ते म्हणतील तसं गोळ्यांचं लिहून आणा. कुणाचं डोकं दुखू लागलं, धाप लागली, तर बेत तिथेच सोडून खाली उतरायचं. त्यावर चर्चा नाही.

या वाटेवर एकच घाट खरा कठीण, अलामोसाच्या पुढचा वुल्फ क्रीक पास, 3,300 मीटर. पश्चिमेचा उतार जवळजवळ 7 टक्क्यांचा आणि वळणाचा. तो सकाळी लवकर, कोरड्या रस्त्यावर, ताज्या डोक्याने उतरायचा. हवामान बिघडलं तर एक दिवस थांबू, तेवढी सवड मी ठेवली आहे. खाली पगोसा स्प्रिंग्जला गरम पाण्याची कुंडं आहेत. तुरळ-राजवाडीच्या कुंडात आईचे गुडघे मोकळे झाले होते, तसेच इथेही होतील.

आणि सिल्व्हरटन बुडालं असं समजू नका. दुरँगोहून तिथे नॅरोगेज गाडी जाते, 1882 मध्ये रूळ टाकलेली, ॲनिमस नदीच्या कडेकडेने. नेरळ-माथेरानच्या गाडीत खिडकी सोडायला तयार नव्हतात तुम्ही, इथेही खिडकी तुमचीच. मेसा व्हर्डेच्या राष्ट्रीय उद्यानातही ट्रेलर न्यायचा नाही, मोरफील्डच्या तळापलीकडे तो चालतच नाही. कड्याच्या कपारीत बांधलेली सातशे-आठशे वर्षांपूर्वीची घरं वरच्या कठड्यावरून छान दिसतात. आत जायला शिड्या आहेत, त्या नकोत. परत येताना वुल्फ क्रीक चढायचा आहे, मग अलामोसावरून ला व्हेटा पास, आणि आय-25 ने उत्तरेला घरी.

आई, सामान भरायचं काम तुझं, पण एक लक्षात ठेव. ट्रेलरच्या वजनातला 10 ते 15 टक्के भार गाडीला जोडलेल्या पुढच्या टोकावर यावा लागतो. मागे जड झालं तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो. तेव्हा तांदूळ, पीठ, कोकमाच्या बाटल्या मागच्या कपाटात ठेवू नकोस, चाकांच्या जरा पुढे जे खालचं कपाट आहे तिथे. कुकर मात्र हवाच. अलामोसाला पाणी 92 अंशांनाच उकळतं, साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

बाबा, स्टिअरिंग मी आणि तुमचे जावई दोघांतच ठेवू. रागावू नका. उजवीकडची वाहतूक आणि मागे ट्रेलर, दोन्ही एकदम नवं होईल. पण पुढची सीट तुमची. प्रत्येक थांब्यावर जोडणीची खीळ बसली आहे ना, साखळ्या खालून फुलीसारख्या आहेत ना, मागचे दिवे लागतात ना, हे तुम्ही बघायचं. चाकाच्या हबजवळ हात नेऊन कुठलं जास्त तापलंय ते सांगायचं. ते तुम्हाला कळतं तसं आम्हाला कळत नाही. उतारावर मी वेग वाढवला असं वाटलं तर तिथल्या तिथे बोला, मी ऐकेन.

कॅम्पच्या जागा सरळ आत जाऊन सरळ पुढे निघता येईल अशाच बघितल्यात. त्यांचं बुकिंग या आठवड्यात करायचंय, तेव्हा डॉक्टरांकडे रविवारच्या आत जाऊन या. अलामोसाला रात्री पारा शून्याजवळ उतरतो, दोघांचे लोकरीचे मोजे आणि बाबांची कानटोपी सुटकेसमध्ये न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा.

तुमची लेक