खरूज : वॉर्डातील सर्वांसाठी सूचना

सर्व परिचारिका, मावशी, वॉर्डबॉय आणि डॉक्टरांनी कृपया वाचावे.

रात्री वाढणारी खाज दिसली की रुग्णाच्या बोटांच्या बेचक्या आणि मनगटं उजेडात नीट पाहा. केसाएवढी बारीक, वाकडी रेघ दिसली तर लगेच कळवा. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून "मला काही होत नाही" यावर विसंबू नका.

उपचार संपर्कातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचे, खाज असो वा नसो. एक जण जरी राहिला तरी सगळं पुन्हा सुरू होतं. ५ टक्के पर्मेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, ८ ते १४ तास. मध्ये हात धुतलेत तर तिथे पुन्हा लावा. आठवड्याने मलम पुन्हा एकदा तसंच लावा.

जाड खपल्यांची खरूज असलेल्या रुग्णाच्या अंगावर खरजेचे बारीक किडे हजारोंनी असतात. त्याला वेगळी खोली. हातमोजे आणि लांब बाह्यांचा गाऊन घातल्याशिवाय आत जाऊ नये. चादरी झटकू नका, थेट पिशवीत भरून गरम पाण्याच्या धुलाईला पाठवा.

आणि कृपया, खरूज झालेल्या सहकाऱ्याला टोमणे मारू नका. लाजेपोटी लोक लपवतात आणि साथ पसरते.