पगार कामगिरीला जोडण्याआधी मोजमाप तपासा : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना वर्तणूक नियमांमुळे असे पत्र लिहिता आले नसते, म्हणून आता लिहितो आहे. आठव्या केंद्रीय वेतन आयोगाकडे इतर कामांबरोबर उत्कृष्ट कामगिरीला बक्षीस देणाऱ्या योजनेची तत्त्वे सुचवण्याचे कामही सोपवले आहे. केंद्रात जे ठरते ते थोड्याफार फरकाने राज्यात येते. सातव्या आयोगाच्या वेळी त्यासाठी बक्षी समिती नेमली होती. तेव्हा आज ना उद्या ही फाईल आपल्यासमोर येणारच.

चांगले काम करणाऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत, याला माझा विरोध नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस अकराला येतो, चारला निघतो आणि वेतनवाढ मात्र सगळ्यांना सारखीच लागते, हे पाहून मनापासून राबणाऱ्याचा जीव जळतो. लोकांनाही तेच वाटते आणि ते चूक नाही. पण ज्या अहवालावर हे जास्तीचे पैसे ठरणार, तो कार्यमूल्यमापन अहवाल आज कसा लिहिला जातो, हे आपण एकदा जवळून पाहावे.

मार्च संपतो. कर्मचारी स्वतःचे मूल्यमापन भरतो, मग प्रतिवेदन अधिकारी, म्हणजे त्याचा वरिष्ठ, शेरा लिहितो. हा अधिकारी बहुतेक वेळा वर्षाच्या मध्यात बदलून आलेला असतो. कोणत्या टेबलावर किती काम येते, हे त्याला पुरते कळायच्या आत अहवालाची मुदत येते. मग होते काय, तर भांडण नको म्हणून सगळ्यांनाच 'अ', किंवा ज्याच्याशी जमते त्याला 'अ+' आणि ज्याने एखाद्या नियमबाह्य प्रस्तावावर प्रतिकूल टिपणी लिहिली त्याला 'ब'. कामात कधीच खोट न निघालेल्या माणसाचा शेरा अशा एका टिपणीमुळे उतरलेला मी पाहिला आहे. त्याला निदान पगार पूर्ण मिळत होता. उद्या तोही या शेऱ्यावर अवलंबून असेल, तर अशी टिपणी लिहायला कोण धजावेल?

सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. पदोन्नतीसाठी पाच वर्षे 'खूप चांगला' शेरा लागत होता आणि त्यांच्या 1993-94च्या अहवालात नुसते 'चांगला' लिहिलेले होते. 'चांगला' म्हणजे प्रतिकूल नव्हे, म्हणून त्यांना ते कळवलेच नाही. पदोन्नती मात्र हुकली. 2008 साली न्यायालयाने सांगितले की प्रत्येक शेरा, मग तो कसाही असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. निकाल लागला तेव्हा देव दत्त निवृत्त झालेले होते. पुढे 2016 मध्ये केंद्राने आश्वासित प्रगतीसाठीची (पदोन्नती न मिळताही ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनासाठीची) पातळीही 'चांगला'वरून 'खूप चांगला' अशी वाढवली. एका विशेषणाला इतकी किंमत आली आहे, पण ते विशेषण लिहिण्याची पद्धत फारशी बदललेली नाही.

यावर कोणी म्हणेल, मग शेरे नकोत, आकडे घ्या. आकड्यांचेही सांगतो. एका सजात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, साध्या खरेदीखतांचे फेरफार (जमिनीच्या नोंदीतले बदल) येतात, दुसऱ्यात चार भावांच्या वारसाचे, बहिणींच्या हक्कसोडीचे, तक्रारीचे. महिन्याला निकाली काढलेल्या नोंदी मोजल्या की पहिला हुशार ठरतो आणि दुसरा आळशी. त्यात दुसऱ्याकडे शेजारच्या सजाचाही अतिरिक्त कार्यभार असतो, कारण तिथले पद रिक्त आहे. पद न भरण्याचा निर्णय त्याने घेतलेला नाही, पण प्रलंबित प्रकरणे त्याच्याच नावावर दिसतात.

शिवाय मुदतीवर पैसे ठेवले की मुदत पाळल्याचे दाखवायच्या वाटाही निघतात. अर्ज शेवटच्या दिवशी 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' करायचा. संगणकावर प्रकरण निकाली दिसते आणि अर्जदार पुन्हा रांगेत उभा असतो. ही पळवाट आजही काही जण वापरतात. तिला बक्षीस लागले तर ती वापरणारे वाढतील. आणि चकरा मारून थकलेल्या म्हाताऱ्या बाईला खुर्ची देऊन तिचा अर्ज स्वतः लिहून देणारा कारकून कुठल्याच रकान्यात बसणार नाही.

आकड्याला पगार बांधल्यावर काय होते, हे या देशाने आणीबाणीत पाहिले आहे. नसबंदीच्या 'केसेस' आणल्या नाहीत म्हणून शिक्षकांचे, आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार रोखल्याच्या घटना आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर आल्या. 1976-77 या एका वर्षात सुमारे 83 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या किती जणांची खरी संमती होती, हे त्या आकड्यात दिसत नाही. वरून खाली येणारी कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे सरकारने देशभर रद्द केली ती थेट 1996 मध्ये.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत शिक्षकांना कामगिरीवर बोनस देण्याचा प्रयोग झाला आणि तो उपयोगी ठरला, मुले खरोखर जास्त शिकली. पण तिथे वर्गाचे नुसते गुण मोजले नव्हते. मुले सुरुवातीला कुठे होती आणि किती पुढे गेली, हे पाहिले होते. परीक्षाही मुख्याध्यापकाने नव्हे, बाहेरच्यांनी घेतल्या. शिवाय बोनस मूळ पगाराच्या वर होता आणि सरासरीने वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपासच होता. अशी मांडणी असेल तर माझ्यासारखे अनेक जण योजनेच्या बाजूने उभे राहतील.

म्हणून विनंती अशी. राज्यात ही योजना आणायचीच असेल तर पहिली दोन वर्षे पैसे न जोडता ती चालवा आणि कोणत्या कार्यालयात कोणाला कशी श्रेणी मिळते, ते नावे न देता प्रसिद्ध करा. रिक्त पदांचा आणि अतिरिक्त कार्यभाराचा हिशेब मोजमापात धरा. शेऱ्याविरुद्धचे अपील त्याच साखळीतल्या वरच्या साहेबाकडे जाऊ देऊ नका, बाहेरच्या अधिकाऱ्याने ते ठरावीक दिवसांत निकाली काढावे. मूळ वेतन आणि नेहमीची वेतनवाढ यांना हात लावू नका.

आणि सुरुवात वरून करा. सचिव, आयुक्त, जिल्हाधिकारी यांच्या हातात माणसे, निधी आणि निर्णय असतात. त्यांची कामगिरी मोजणे शिपाई किंवा तलाठ्यापेक्षा जास्त न्यायाचे आहे. त्यांचे मोजमाप दोन वर्षे नीट चालले, त्यांनी ते आपल्यासाठी मान्य केले, तरच ते खाली आणावे. हा क्रम सामान्य प्रशासन विभागाच्या शासन निर्णयात लेखी यावा, एवढे आपण पाहावे.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून