ज्वारी, भाकरी आणि गोळ्यांबाबत सूचना

सर्व सभासदांना रामराम. कोरोनामुळं लागलेलं लॉकडाऊन ३ मे २०२० पर्यंत वाढलं आहे.

सोलापुरातले यंत्रमाग बंद पडल्यानं परत आलेली आपली माणसं शाळेत थांबली आहेत. मालदांडीची रास घरात आली आहे, तेव्हा जमेल त्यानं पायलीभर ज्वारी उद्या सकाळी पारावर आणून ठेवावी. भाकरी देणार असाल तर कडकच द्या. परवाच्या मऊ भाकऱ्यांना उन्हानं दुपारीच वास आला. सोबत शेंगाचटणी असली की कालवणाचं अडत नाही.

अंत्योदय आणि प्राधान्य रेशन कार्डावर माणशी ५ किलो तांदूळ मोफत आहे. दुकानापुढं चुन्याचे चौकोन आखलेत. चौकोनात पिशवी ठेवायची आणि आपण लिंबाखाली घोळक्यानं बसायचं, हे बंद करा. कोरोना पिशवीला होत नाही.

बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी चिठ्ठीबरोबर रिकामं पाकीटही द्या. "ती पांढरी, बारकी गोळी" एवढ्यावर मेडिकलवाला काय देणार? लॉकडाऊनमध्ये बाहेर जायचा पास असलेल्या पोराला त्यापायी दोन हेलपाटे पडले.

एकट्या म्हाताऱ्यांना शेजाऱ्यांनी रोज हाक मारावी, उंबऱ्याबाहेरूनच. चहाचा आग्रह होईल, तो पुढं कधीतरी घ्या.